पाड्याचा वकील कोणाच्या हाताखाली शिकणार?

मुंबई उपनगर जिल्ह्यात भातशेती होते असे सांगितले तर आमच्या खात्यातली नवी पोरेसुद्धा हसतात. पण होते. गोरेगावच्या आरे वसाहतीत केल्टीपाडा, जीवाचा पाडा, खांबाचा पाडा असे सत्तावीस पाडे मोजतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पाडे आहेत, मुलुंडच्या डोंगराकडेही आहेत. वस्ती वारल्यांची, मल्हार कोळ्यांची, थोडे कोकणा, थोडे कातकरी. पावसाळ्यात खाचरात भात, बांधावर काकडी आणि शिराळी, घरामागे अळू आणि माठ, आणि आजोबाने लावलेला फणस. कोणी उपनगरात जाऊन बघावे, आपल्या जव्हार-मोखाड्यातलाच एखादा पाडा उचलून उंच इमारतींच्या मधे ठेवल्यासारखा वाटतो.

आता हे पान शेतीचे, त्यात अंधेरी-बोरिवलीचे काय काम, असे सरपंच मंडळी विचारतील. काम आहे. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून डहाणू-बोईसरची पोरे सकाळची गाडी धरून बोरिवली-अंधेरीकडच्या कॉलेजांत जातात. शहापूर-कसाऱ्याकडची मुलुंडला, घाटकोपरला उतरतात, आणि घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी गाठतात. त्यातली काही वकिलीच्या कॉलेजात आहेत. आरेच्या आणि पार्काच्या पाड्यांतलीही आहेत. बहुतेकांच्या घरातली ही पहिली पदवी. पदवी मिळेल, त्याची मला चिंता नाही. पण वकिली कॉलेजात पुरी शिकवत नाहीत, ती कोणाच्या तरी हाताखाली शिकावी लागते. या पोरांना हाताखाली घेणार कोण, एवढाच आज मांडायचा मुद्दा आहे.

शेतकरी बंधूंना कृषिदूत आणि कृषिकन्या माहीत आहेत. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची ही मुले गावात राहतात, माती परीक्षणाचे नमुने घेतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, पाटलाच्या ओसरीवर चहा पितात आणि गाव सोडताना थोडी शहाणी होऊन जातात. वकिलीतही तसेच आहे, त्याला इंटर्नशिप म्हणतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे असे काम करावेच लागते. कोर्टातल्या वकिलाकडे, लॉ फर्ममध्ये, स्वयंसेवी संस्थेत, न्यायाधीशांकडे, अगदी स्थानिक स्वराज्य संस्थेतसुद्धा चालते. (हे शेवटचे लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचे आहे.) फरक इतकाच की कृषिदूताला गाव विद्यापीठ नेमून देते. वकिलीच्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा आपला वकील आपणच शोधावा लागतो.

आणि तो शोधायचा म्हणजे ओळख लागते. मुंबईत लॉ फर्म ही काही कालची गोष्ट नव्हे. सॉलिसिटरांच्या काही पेढ्या इंग्रजी अमलातल्या, शंभर-दीडशे वर्षांच्या जुन्या आहेत. सॉलिसिटर व्हायचे तर जुन्या सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप करायची, त्याचा मसुदा उतरवायचा, त्याच्या मागे बॅग घेऊन फिरायचे, ही या शहराची जुनी रीत आहे. म्हणजे शागिर्द ठेवणे फर्मवाल्यांना नवे नाही. पण शागिर्द कोण? भागीदाराचा भाचा, अशिलाची मुलगी, क्लबातल्या मित्राचा मुलगा. यात कोणी कट करतो असे मी म्हणत नाही. शेतकरीसुद्धा बैल ओळखीच्याकडूनच घेतो. पण ज्याच्या सात पिढ्यांत वकील झालाच नाही, त्याला ओळख कुठून मिळणार? १९२३ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या गाठीला होत्या, तरी सॉलिसिटर लोक त्यांच्याकडे कामे देईनात. विद्वत्ता असूनही दार उघडत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

आमच्या भागातली एक वारली मुलगी अशीच उपनगरातल्या कॉलेजात कायदा शिकते. जात पडताळणीसाठी आजोबांची जुनी नोंद हवी म्हणून तहसीलला खेटे घालत होती, तिथे गाठ पडली. नाव सांगत नाही, तिला अजून त्याच शहरात काम शोधायचे आहे. कॉलेजच्या एका बाईंच्या चिठ्ठीवर तिला अंधेरीच्या एका वकिली कार्यालयात चार आठवडे मिळाले. बिनपगारी. पहिले दोन आठवडे झेरॉक्स, फायलींना नंबर, आणि खालून चहा सांगणे. तिथली बाकीची मुले आपसात इंग्रजीत बोलायची. ही मराठी शाळेतून आलेली, तिला समजायचे सगळे, पण उत्तर जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. "साहेब, पंधरा दिवस मला कोणी नावाने हाकच मारली नाही," असे ती हसत हसत म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात पालघर तालुक्यातल्या एका जमिनीच्या मालकीचा शोध घ्यायचे काम आले. सातबारे, फेरफार, जुनी हस्तलिखिते, सगळे मराठीत, काही मोडीत. इंग्रजी टिपणात एका ठिकाणी 'वरकस' जमिनीचे भाषांतर पडीक असे झाले होते. हिने धीर करून सांगितले की वरकस म्हणजे पडीक नव्हे. वरकसावर नाचणी होते, वरी होते, गवत होते, आणि भाताच्या राबासाठी पालापाचोळा तिथूनच येतो. वरकस पडीक धरली तर कसणारा माणूसच कागदावरून पुसला जातो. तिथल्या एका वरिष्ठ वकिलाने मान वर करून तिच्याकडे बघितले आणि फेरफारांचा सगळा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. मग राब म्हणजे काय, एकसाली म्हणजे काय, दळी जमीन म्हणजे काय, इतर हक्कांत कुळाचे नाव कसे येते आणि कसे नाहीसे होते, हे दहा दिवस ती सांगत होती आणि तो गृहस्थ तिला मसुदा कसा बांधायचा, कोणते वाक्य कोर्टात टिकते आणि कोणते टिकत नाही, हे सांगत होता. तिच्या शब्दांत सांगायचे तर कॉलेजच्या दोन वर्षांत जेवढे कळले नाही तेवढे त्या दहा दिवसांत कळले.

आणि चार आठवडे संपले. नियमच असा आहे की एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप करता येत नाही. वर्ग बुडू नयेत म्हणून केलेला नियम आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण परिणाम काय झाला बघा. ओळख झाली तेव्हा निघायची वेळ आली. पुढच्या वर्षी पुन्हा नवे दार, नवी चिठ्ठी, पुन्हा पंधरा दिवस झेरॉक्स. म्हणून माझे म्हणणे असे की नुसत्या इंटर्नशिपने भागणार नाही. सुट्टी संपल्यावरही ज्याला फोन करता येईल, ज्याला महिन्याकाठी एकदा भेटता येईल, जो लिहिलेला कागद तांबड्या शाईने दुरुस्त करून परत देईल, असा एक ठरावीक माणूस विद्यार्थ्याला पदवी होईपर्यंत आणि सनद मिळाल्यावर पहिली दोन वर्षे हवा. खत एकदा टाकून शेतकरी घरी बसत नाही. रोपवाटिकेतून काढलेले रोप खाचरात लावले की पहिले काही दिवस पाण्याकडे बघावे लागते, तेव्हाच ते मूळ धरते किंवा पिवळे पडते.

आदिवासी घरात वकिलाबद्दल काय भावना आहे, तेही सांगायला हवे. आमच्या भागात जुनी माणसे 'वकील' म्हटले की समोरच्या पार्टीचा माणूस असेच समजतात. हा नुसता गैरसमज नाही, सरकारने तो कायद्यातच लिहून ठेवला आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ चा जमीन प्रत्यार्पणाचा कायदा केला, तो आपल्या तलाठ्यांना पाठ आहे. (तलाठी म्हणायचे नाही, २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी. नावे आमच्याही खात्यात बदलली, बांध तेच आहेत.) त्या कायद्यात कलम ९-अ असे आहे की या प्रकरणांत जिल्हाधिकारी, आयुक्त किंवा महसूल न्यायाधिकरणापुढे कोणाच्याही बाजूने वकील उभा राहणार नाही. बिगरआदिवासी खरेदीदार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ च्या डिसेंबरात लिंगप्पा पोचन्ना अपेलवार खटल्यात न्यायालयाने कायदाही उचलून धरला आणि हे कलमही. कारण सरळ होते. पैसेवाला मोठा वकील आणणार, आदिवासी एकटा पडणार, त्यापेक्षा दोघांनीही वकिलाविना यावे.

त्या काळाला ते बरोबरच होते, शंका नाही. कित्येक एकर जमीन त्यामुळे परत आली असेल. पण त्या कलमाच्या पोटात जी समजूत आहे ती मला खुपते. वकील हा नेहमी दुसऱ्याचाच असणार, आदिवासीचा वकील असूच शकत नाही, असे धरून तो कायदा लिहिला गेला. आज त्या गोष्टीला पन्नास वर्षे होऊन गेली. कलम राहू द्यावे की काढावे हे जाणत्यांनी ठरवावे, पण ती समजूत खरी ठरवत बसायची की खोटी पाडायची, हे आपल्या हातात आहे. आणि लक्षात घ्या, बाकी सगळीकडे वकील चालतो. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे प्रश्न पुढे दिवाणी कोर्टात किंवा उच्च न्यायालयात गेले, जात पडताळणी समितीने दावा फेटाळला, पार्कातून घर हलवायची नोटीस आली, तर वकीलच लागतो. मोफत कायदेशीर मदत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता ती मिळते. पण मिळालेल्या वकिलाला राब म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावावे लागते, आणि तोवर तारीख संपते.

उपनगरात तर दोन एक्स्प्रेस हायवेच्या मधे हा प्रश्न रोज उभा आहे. नॅशनल पार्कातील अतिक्रमणांविरुद्ध १९९५ साली याचिका झाली, १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने ती हटवायचे आदेश दिले. झोपड्या कोणत्या आणि पाडे कोणते, नंतर आलेला कोण आणि पहिल्यापासूनचा कोण, हे ज्याला कागदावर मांडता येते तो टिकतो. आरेत दूध वसाहत १९४९ साली आली. पाड्यातली जुनी माणसे सांगतात की आमचे वाडवडील गुरांच्या गोठ्यांच्या आधीपासून इथे आहेत. त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे, पण कोर्टाला बोलणे पुरत नाही.

२०१९ ची गोष्ट बघा. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे तोडायच्या विरोधातल्या याचिका ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि ७ तारखेला, सुट्टीत खास पीठ बसवून, तोड थांबवली. विद्यार्थ्यांच्या पत्राने एवढे होऊ शकते! पण तोपर्यंत दोन हजारांवर झाडे पडली होती, आणि हवी होती तेवढी तोडून झाली असे सरकारने न्यायालयाला सांगून टाकले. माझ्या मनात तेव्हापासून एक प्रश्न आहे. पाड्यातलीच एखादी मुलगी उच्च न्यायालयातल्या चांगल्या वकिलाच्या हाताखाली तयार झालेली असती, निकाल विरुद्ध गेला तर वरच्या कोर्टात टाकायचा अर्ज तिने आदल्या दिवशीच तयार ठेवला असता, तर?

आता थोडे आमच्या खात्याच्या नजरेने. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा बघतात. पुराव्यासाठी नियम १३ आहे. त्यात नुसते रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र नाही. जमिनीची सपाटी केलेली, बांध घातलेले, पाणी अडवलेले, हाही पुरावा. विहीर, स्मशान, देवाची जागा हाही पुरावा. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचे लेखी घेतलेले म्हणणे हाही पुरावा. म्हणजे बांधाची उंची, त्यावरच्या झाडाचा घेर, खाचराची ठेवण, हे सगळे बोलते. मी बांध बघून सांगू शकतो की हा दोन वर्षांचा नाही, दोन पिढ्यांचा आहे. पण माझे सांगणे कोर्टाच्या भाषेत कोण बसवणार? तिथे बांध ओळखणारा आणि प्रतिज्ञापत्र लिहिणारा असा एकच माणूस लागतो. असा माणूस शहरात तयार होत नाही आणि गावातही तयार होत नाही. तो पाड्यात वाढावा लागतो आणि चांगल्या कार्यालयात घडावा लागतो.

उपनगराची आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणायची, कारण रडून उपयोग नाही. वनहक्काचा दावा सुरू होतो ग्रामसभेत. आपल्याकडे ग्रामसभा आहे, वनहक्क समिती आहे, भांडण का असेना पण बसायला जागा आहे. गोरेगाव-मुलुंडला महापालिका, ग्रामसभा आणायची कुठून? कायद्यातल्या ग्रामसभेच्या व्याख्येत 'पाडा' हा शब्द इंग्रजी मजकुरातसुद्धा जसाच्या तसा आहे, पण तो ज्या राज्यांत पंचायती नाहीत त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात पंचायती आहेत, पण आरेत नाहीत. मग केल्टीपाड्याची सभा ही ग्रामसभा धरायची की नाही? २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जागा वन म्हणून राखीव ठेवायचे राज्य सरकारने ठरवले, त्यानंतर तर हा प्रश्न जास्तच जवळ आला. असला प्रश्न एखाद्या तरतरीत विद्यार्थ्याला द्यावा, वर एक जाणता वकील बसवावा, आणि तीन महिन्यांत टिपण मागावे. फर्ममध्ये कंपन्यांसाठी याहून बारीक कीस काढतात, मग पाड्यासाठी का नाही?

काही मित्र म्हणतात, अरे, या फर्म बिल्डरांच्या. तिथे गेलेली पोर बिल्डरचीच होईल. यात तथ्य आहे आणि ते झाकून चालणार नाही. ज्या फर्मकडे जमीन घेणाऱ्याचे काम आहे ती त्याच जमिनीवरच्या पाड्याचे काम घेऊ शकत नाही, घेऊही नये. तिथली फाईल विद्यार्थ्याने बाहेर नेली तर त्याची वकिली सुरू होण्याआधीच संपेल. हे पोरांना पहिल्या दिवशी सांगायला हवे. पण शिकणे वेगळे आणि केस चालवणे वेगळे. समोरचा माणूस करारनामा कसा बांधतो, मुखत्यारपत्रात कोणती ओळ घालतो, आदिवासी खातेदाराची सही कोणत्या कागदावर आणि का घेतो, हे त्याच्या टेबलाशी बसूनच कळते. आणि समजा एखादी मुलगी तिथेच राहिली, मोठी झाली, गाडी घेतली, तरी बिघडले काय? प्रत्येक ब्राह्मण-मराठा वकिलाने गावाची फुकट केस चालवलीच पाहिजे असे आपण म्हणतो का? मग वारल्याच्या मुलीवरच हा कर का?

दुसरा आक्षेप इंग्रजीचा आणि गुणवत्तेचा. इंग्रजी पाहिजेच, उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. पण इंग्रजी दोन वर्षांत येते. मोडीतला फेरफार आणि पाड्यावरच्या आजीचे बोलणे दोन वर्षांत येत नाही. फर्मला दोन्ही लागते, एकाची किंमत मोजतात आणि दुसरे फुकट समजतात.

बाहेरच्या देशांतही मूळच्या रहिवाशांचा असाच प्रश्न होता. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला १९६७ पासून आणि कॅनडात सस्कॅचेवानला १९७३ पासून अशा विद्यार्थ्यांना कायद्याच्या कॉलेजात जाण्याआधी उन्हाळी वर्ग घेऊन तयार करतात. ऑस्ट्रेलियात २००९ पासून 'करिअरट्रॅकर्स' ही संस्था मूळ रहिवाशांच्या मुलांना दर सुट्टीत पगारी काम मिळवून देते, त्यात लॉ फर्मही आल्या. आपल्याकडे २०१० मध्ये प्रा. शमनाद बशीर यांनी 'इडिया' सुरू केली, ती वंचित मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पोहोचवते आणि पुढेही पाठीशी राहते. २०२१ पासून 'सीडे' नावाचे वकिलांचे जाळे दलित, आदिवासी, बहुजन विद्यार्थ्यांना वकिलांशी आणि फर्मशी जोडून देते. ॲड. दिशा वाडेकर या त्याच्या संस्थापकांपैकी एक. ही चांगली कामे आहेत, पण त्यांची नजर सगळ्या देशावर. डहाणू लोकलच्या डब्यापर्यंत ती पोहोचायची तर इथल्या फर्मनी आणि इथल्या कॉलेजांनी हात पुढे करायला हवा.

हात म्हणजे पैसाही. विधिज्ञ परिषदेच्या नियमात इंटर्नशिपचा पोशाखसुद्धा सांगितला आहे. पांढरा सदरा, काळा कोट, काळा टाय, काळे बूट. मे महिन्यात बोरिवलीच्या गाडीत काळा कोट घालून उभे राहून बघा! कोट, बूट, पास, दुपारचे जेवण, आणि त्या महिन्यात घरी लावणीला किंवा वीटभट्टीला न गेल्याने बुडालेली मजुरी. वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी मुलांना 'स्वयं' योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम मिळते, ती वेळेवर आली तर फार आधार होतो. पण इंटर्नशिपची मजुरी तीत धरलेली नाही. सनद घेऊन बसलेल्या नव्या वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस विधिज्ञ परिषदेने २०२४ मध्ये केली आहे. शिफारस आहे, सक्ती नाही, आणि विद्यार्थ्यांसाठी तर तीही नाही. दारावरच्या सुरक्षारक्षकाला पगार देणारे कार्यालय फायली वाचणाऱ्या मुलीला चार आठवड्यांचे जेवण देऊ शकत नाही, हे मला पटत नाही. एक गोष्ट मात्र चांगली झाली. सनद घेताना राज्यांच्या परिषदा भरमसाट रकमा घ्यायच्या, त्या ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या. कायद्यात आहे तेवढीच फी, खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. गावात कोणी वकील होऊ घातला असेल तर त्याला हा आकडा सांगा.

आता वर म्हटले होते ते, आणि हे गावच्या अधिकाऱ्यांसाठी. स्थानिक स्वराज्य संस्थेतली इंटर्नशिपही नियमात बसते. म्हणजे फर्मने दार उघडेपर्यंत वाट बघायला नको. ग्रामपंचायतीने, पंचायत समितीने कॉलेजच्या पत्रावर एखाद्या विद्यार्थ्याला दोन-चार आठवडे घ्यावे, टेबल द्यावे, काम द्यावे आणि शेवटी सही-शिक्क्याचा दाखला द्यावा. यात वेगळा खर्च फारसा नाही. शेवटी विद्यार्थ्याला पूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी कोर्टातल्या वकिलाकडेही बसावेच लागते, त्याची नोंद ठेवा. दहा वर्षांवर अनुभव असलेल्या आणि विद्यार्थी घ्यायला तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी राज्य परिषदेने करायची असे नियमातच आहे. ती यादी आपल्या जिल्ह्याची आणि उपनगर जिल्ह्याची मागून घ्यावी, पंचायत समितीच्या फलकावर लावावी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुर्ला, विक्रोळी इथे कोर्टे आहेत, दिंडोशीला सत्र न्यायालय आहे. तिथे वकिली करणारे पुष्कळ जण आपल्याच ठाणे-पालघर-रायगडचे आहेत. त्यांच्याकडे शब्द टाकायला सरपंचांना काय हरकत आहे? लग्नाची पत्रिका द्यायला जातोच ना!

आणि दाखल्यांचे बघा. अनुसूचित जमातीच्या पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबा शाळेत गेलेच नाहीत तर शाळेचा दाखला कुठला? अशा वेळी गाव नमुना १४ ची कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद हाच आधार असतो, आणि ते पुस्तक रेकॉर्ड रूमच्या खालच्या कप्प्यात वाळवी खात पडलेले असते. वर सांगितलेल्या मुलीने त्या एका नोंदीसाठी अकरा चकरा मारल्या. तेवढ्या दिवसांत तिची एक अख्खी इंटर्नशिप झाली असती.

विद्यार्थी आला तर त्याला पहिले काम कोणते द्यायचे, असे एका ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी विचारले. मी म्हटले, वनहक्क समितीचे कपाट उघडून द्या. फेटाळलेले किंवा कमी क्षेत्र मंजूर झालेले दावे त्याला वाचू द्या. प्रत्येकात तीन गोष्टी बघायला सांगा. फेटाळल्याचे कारण लेखी दिले आहे का. ते दावेदाराच्या हातात पोहोचल्याची पोच आहे का. आणि पुराव्यात बांध, विहीर, म्हाताऱ्यांचे म्हणणे यांचा उल्लेख तरी आहे का, की नुसते रेशनकार्ड लावून दावा पाठवला होता. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस मिळतात, आणि कारण कळलेच नसेल तर त्या दिवसांचा हिशेब कुठून धरायचा, हा त्याला वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. बांध दाखवायला मला बोलवा, मंगळवार सोडून कोणत्याही दिवशी येतो, मंगळवारी तालुक्याला बैठक असते.